एका जावाचे पाठभेद

मोडकळीस आलेली वस्तू पुन्हा उभी करण्यासाठी मराठीत निदान तीन शब्द आहेत, आणि तिन्हींची प्रतिष्ठा सारखी नाही. देवळाचा होतो तो जीर्णोद्धार, घराची होते ती डागडुजी आणि यंत्राची होते ती दुरुस्ती. पहिल्या शब्दाला पुण्याचा वास आहे, दुसऱ्याला पावसाळ्याची धास्ती चिकटलेली आहे, तिसऱ्यात मात्र निव्वळ खर्च आहे. ग्रंथाचे जे होते त्यासाठी आपण चौथाच शब्द राखून ठेवला आहे: संशोधन. संशोधन म्हणजे शोधणे हा अर्थ पुढचा. आधीचा अर्थ शुद्ध करणे. कागलातील आमच्या घराच्या मागच्या सोप्यात वर्षानुवर्षे पोत्यांखाली पडून असलेली एक मोटारसायकल चालती करण्याचे आम्ही ठरवले, तेव्हा या चारांपैकी नेमके कोणते काम आपण अंगावर घेत आहोत, याची आम्हांला कल्पना नव्हती. ती नंतर आली, आणि तिच्यामुळे हा लेख.

गाडी जावा, 250 सीसीची, म्हैसूरला तयार झालेली. आमच्या थोरल्या चुलत्यांनी ती 1968 साली घेतली. तिच्या कुळाची कथा थोडक्यात सांगायला हवी. फ्रान्तिशेक यानेचेक या चेक उद्योजकाने 1929 साली वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलींचे उत्पादन विकत घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव केले. भारतात ती गाडी आधी आयात होत असे. पुढे आयातीवर बंधने आल्यावर मुंबईच्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना काढला आणि 1961 साली तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. 1970च्या दशकाच्या आरंभी नाव बदलून 'येझदी' झाले. इराणातील यझ्द या शहराची, म्हणजे मालकांच्या मूळ भूमीची ती आठवण. 1996 साली कारखाना बंद पडला. 2018मध्ये जावा आणि 2022मध्ये येझदी ही नावे नव्या कंपनीने बाजारात परत आणली. पण ती यंत्रे वेगळी.

म्हणजे आमच्या सोप्यातील गाडीचे नाव जर्मन आणि चेक आद्याक्षरांचे, भांडवल इराणी वंशाच्या मुंबईकरांचे, घडण कन्नड मुलखातली आणि आयुष्य कागलातले. अशा वस्तूचे 'मूळ रूप' कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

इंजिन खोलले त्या दिवशी हा प्रश्न प्रत्यक्ष समोर आला. या गाडीच्या सिलिंडरचा कारखान्यातला व्यास 65 मिलिमीटर. दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, घर्षणाने सिलिंडर झिजला की तो आतून किंचित मोठा कोरून घेतात आणि त्यात तेवढ्याच मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. गॅरेजच्या भाषेत याला बोअर मारणे म्हणतात. मापे पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. आमच्या पिस्टनच्या माथ्यावरचा काजळीचा थर खरवडल्यावर आकडा दिसला: 66. क्रमाने मापे वाढवत नेली असतील, तर हा सिलिंडर चार वेळा कोरला गेला होता. मधली मापे ओलांडून गेले असतील, तर त्याहून कमी वेळा. चुलते आता नाहीत आणि बोअर मारणाराने कोठे नोंद ठेवलेली नाही. तेव्हा 'बहुधा चार' एवढेच म्हणता येते. पोथीच्या अभ्यासकाला हे 'बहुधा' चांगले ओळखीचे असेल.

त्या दिवसापासून आम्ही गाडी वाचू लागलो. क्लचच्या बाजूची एक पितळी बुश कारखान्यातली नव्हती. लेथच्या हत्याराच्या खुणा तिच्यावर स्पष्ट होत्या. हँडलच्या पकडीत पत्र्याची एक बारीक पट्टी सारलेली होती. ती कसल्या तरी डब्याची असावी, कारण आतल्या बाजूला निळ्या अक्षरांचे तुकडे शिल्लक होते. पेट्रोलच्या टाकीवर मूळच्या लालसर रंगावर काळा आणि काळ्यावर पुन्हा लाल असे थर होते. सर्वांत ठळक भर मागच्या बाजूला होती. तेथे दोन्हीकडे दुधाचे कॅन अडकवण्यासाठी लोखंडी चौकट थेट सांगाड्याला वेल्ड केलेली. 1963 साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे 'गोकुळ', स्थापन झाला आणि पुढच्या काळात गावोगावचे दूध संकलनाच्या साखळीत आले. आमच्या चुलत्यांची जावा हा त्या साखळीचा एक नगण्य दुवा होता. हौसेने घेतलेली गाडी काही वर्षांतच पहाटेच्या कामाला जुंपली गेली.

साहित्याच्या विद्यार्थ्याला अशा वेळी पाठचिकित्सा आठवल्यावाचून राहत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली हाती घेतले. वि. स. सुकथनकरांनी 1925पासून 1943 साली मृत्यू येईपर्यंत त्याची धुरा वाहिली आणि 1966 साली ते पुरे झाले. देशभरातील हस्तलिखिते ताडून पाहायची, नंतरची भर ओळखायची, ती मुख्य संहितेतून काढायची आणि तरीही टाकून न देता तळटीपेत किंवा परिशिष्टात नोंदवायची, अशी ती पद्धती. त्याआधी तीन शतकांहून अधिक काळ, शके 1506मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तोही लोकांच्या तोंडी आणि हाती झालेल्या अपपाठांना कंटाळून. मूळ गाठण्याची ओढ आपल्या परंपरेला नवी नाही.

आमच्याही मनात आरंभी तीच ओढ होती. मूळ पाठ म्हणजे 1968ची गाडी. पितळी बुश, पत्र्याची पट्टी, काळा रंग, दुधाची चौकट हे सारे प्रक्षेप. ते काढले की शुद्ध जावा उरेल, इतका हिशेब सरळ होता. पण पोथी आणि गाडी यांत एक मूलभूत भेद आहे आणि तो आमच्या ध्यानात उशिरा आला. चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली तरी हस्तलिखिते जागच्या जागी राहतात. उद्या कोणाला सुकथनकरांचा निर्णय पटला नाही, तर पोथ्या पुन्हा उघडता येतात. गाडीची चौकट कापली की ती गेली, कारण तळटीप देण्यासाठी लोखंडाला जागा नसते.

हाच वाद युरोपात इमारतींच्या निमित्ताने शंभर-दीडशे वर्षे चालला. फ्रान्समधील व्हियोले-ल-द्यूक या वास्तुशिल्पीचे म्हणणे असे की, पुनर्स्थापना म्हणजे वास्तूला अशा परिपूर्ण अवस्थेत आणणे, जी कदाचित इतिहासात कोणत्याही क्षणी अस्तित्वातच नव्हती. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने त्याआधीच, 1849 साली, उलट बाजू घेतली होती. पुनर्स्थापना हा वास्तूचा सर्वनाश असून वर तिच्याविषयी केलेला खोटेपणाही आहे, असा त्याचा आशय. 1964च्या व्हेनिस सनदेने यांतून वाट काढली. वास्तूवर प्रत्येक काळाने घातलेली ग्राह्य भर मानावी आणि नव्याने बसवलेला भाग एकूण रूपाशी जुळावा, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा, अशी तत्त्वे तिने सांगितली. देवळांना आणि किल्ल्यांना लावायची ही तत्त्वे सोप्यातल्या मोटारसायकलीला लावणे कोणाला हास्यास्पद वाटेल. आम्हांलाही थोडे वाटले. पण प्रश्न तोच होता: मधल्या काळातील माणसांना इतिहासात जागा आहे की नाही?

आणि ही मधली माणसे कोण, हे कोल्हापूरच्या परिसरात विचारायची गरज नाही. मराठी मुलखातील यंत्रोद्योगाचा एक उगम दुरुस्तीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात मांडले ते सायकलींचे दुकान. विक्रीबरोबर तेथे दुरुस्तीही होई. लोखंडी नांगर त्यानंतरचा आणि किर्लोस्करवाडी 1910ची. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत, परदेशी कॅमेरा मिळणेही कठीण आणि परवडणेही कठीण अशा स्थितीत, सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःच चित्रपटाचा कॅमेरा घडवला आणि त्याच धडपडीतून पुढे 'सैरंध्री' (1920) झाला. बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री, हा योगायोग आम्हांला सूचक वाटतो. शिवाजी उद्यमनगरातील लेथ आणि भट्ट्या वाढल्या त्या उसाचे चरक, शेतीची ऑइल इंजिने आणि त्यांचे सुटे भाग यांच्या बळावर. पुढे विजेचे पंप आले, इंजिनांची मागणी ओसरली आणि हीच कारागिरी मोटारींच्या ओतीव भागांकडे वळली. कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत हे त्याच परंपरेचे आजचे रूप. आमची पितळी बुश त्याच परंपरेतील कोणा टर्नरच्या हातून उतरली असणार. म्हैसूरहून येणाऱ्या भागाची वाट पाहण्यापेक्षा नमुना समोर ठेवून तो घडवणे त्याला सोपे होते. त्याचे नाव कोठेच नाही.

डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने 'द शॉक ऑफ द ओल्ड' (2006) या ग्रंथात असे दाखवून दिले की, तंत्रज्ञानाचा आपला इतिहास शोधांचा आणि शोधकांचा असतो, वापराचा आणि देखभालीचा नसतो. यंत्र जन्मते एका दिवशी. जगते मात्र पन्नास वर्षे, आणि त्या पन्नास वर्षांची बखर कोणी लिहीत नाही. मराठी साहित्याच्या बाबतीतही हे खरे आहे असे आम्हांला वाटते. आनंद यादव याच कागलचे. त्यांच्या 'गोतावळा'त (1971) यंत्र येते ते शेतावरच्या जित्राबांचा आणि त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या नारबाचा आधार काढून घेत. ते दुःख खरे आहे आणि ती कादंबरी थोर आहे. परंतु यंत्र आल्यानंतर त्याच गावात त्या यंत्राशी ज्यांनी तसाच गोतावळा जोडला, कानाने इंजिनाचा आजार ओळखला, त्यांची कथा ग्रामीण साहित्यात त्या मानाने फारच थोडी आली. यंत्र हे आपल्या कादंबरीत बहुधा परके म्हणून येते. ते घरचे झाल्याची नोंद क्वचितच होते.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यांच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (1974) या पुस्तकात एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यू गाडीचे हँडल ढिले झालेले असते. निवेदक सुचवतो की, बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून पकडीत सारली की काम होईल. मित्राचा चेहरा पडतो. आपल्या गाडीत डब्याचा पत्रा, ही कल्पनाच त्याला सहन होत नाही. त्या पत्र्याचा गुण पाहायचा की त्याचे कूळ, हा पर्सिग यांचा मुद्दा. आमच्या हँडलमधील निळ्या अक्षरांची पट्टी हातात घेतली तेव्हा हा प्रसंग आठवला आणि थोडी शरमही वाटली. आम्ही त्या मित्राच्याच जागी उभे होतो. कागलातील मेस्त्रीने मात्र पर्सिग न वाचता निवेदकाची जागा घेतली होती.

आता खर्चाविषयी. या कामासाठी आम्ही 25,000 रुपयांची मर्यादा घालून घेतली होती. शोभेच्या गाड्या सजवणारा माणूस या रकमेवर हसेल. पण पैसा कमी असला की निर्णयांना क्रम लावावा लागतो, आणि क्रम लावताना आपण कशाला महत्त्व देतो ते कळते. पहिला हक्क जिवाचा: ब्रेकचे लाइनर, टायर-ट्यूब, केबली आणि वायरिंग. येथे काटकसर नाही. दुसरा हक्क इंजिनाचा. सिलिंडरमध्ये नवे अस्तर, म्हणजे स्लीव्ह, बसवून माप पुन्हा 65वर आणता आले असते. पण त्याहून स्वस्त मार्ग 66.25चा पिस्टन घालून पुढचा बोअर मारण्याचा. आम्ही तोच धरला. सिलिंडरच्या चरित्रात आणखी एक पान वाढले. टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद क्रँकच्या कप्प्यातील हवाबंदपणावर अवलंबून असते, म्हणून दोन्ही बाजूंची ऑइल सील आणि पॅकिंगे नवी घेतली. सायलेन्सरमधील काजळी कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने सोडवली. हे काम हातमोजे आणि चष्मा घालून उघड्यावरच करावे. टाकीतील गंज लिंबूसत्त्वाच्या पाण्याने काढला. पॉइंटमधील अंतर सुमारे 0.4 मिलिमीटरवर आणले, आणि कित्येक वर्षे मुकी असलेली ठिणगी दिसली. हे सारे घरी, सुट्टीच्या दिवशी, अंगणात. घराबाहेर गेले ते फक्त बोअरचे, क्रँकचे आणि वेल्डिंगचे काम.

एक अडचण नवी निघाली, आणि तीही याच मातीतली. 2023पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि 2025पर्यंत ते देशभर पोचले. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलची नळी आणि कॉकमधील वॉशर इथेनॉल सोसणारे घेतले, आणि गाडी उभी राहणार असेल तेव्हा टाकीत शिळे पेट्रोल ठेवायचे नाही असे ठरवले. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणावर उसातून येते. ज्या शिवारात उसाच्या चरकांनी कारागीर घडवले, त्याच शिवारातला ऊस आता त्या कारागिरांनी जगवलेल्या गाडीचे रबर खातो.

उरली दुधाची चौकट, आणि तिच्यापाशी पैशाचा प्रश्न संपून कायद्याचा सुरू झाला. केंद्र शासनाने 2021 साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. त्यांत अट अशी की, गाडी मूळ रूपात असावी आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशा गाडीला 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. नियमामागील हेतूशी आमचे भांडण नाही. परंतु त्याची व्याख्या नीट वाचली तर इतिहासाची एक विशिष्ट कल्पना तीत दिसते. ज्या गाडीच्या वाट्याला काम आले नाही, जी श्रीमंताच्या गॅरेजात झाकून राहिली, ती या कसोटीला सहज उतरते. जिने दूध वाहिले, जिच्या सांगाड्याला लोखंड जोडले गेले, तिला मात्र आधी आपल्या आयुष्याची खूण कापून टाकावी लागेल. आमची जावा पन्नाशी ओलांडलेली आहे. चौकट कापली, खुणा घासल्या, तर तिला वारसा म्हणवून घेण्याची आशा धरता येईल. नाही कापली तर ती केवळ एक जुनी गाडी. ठराविक मुदतीने तिची नेहमीची नोंदणी नूतन करायची, आणि इतकेच.

कबूल केले पाहिजे की चौकट कापायचे आमच्या मनाने घेतले होते. वेल्डिंगवाल्याकडे नेण्याआधी नट ढिले केले, मागचे मडगार्ड उतरवले आणि चौकटीवर जुने चादरीचे कापड टाकून, ती नसल्यावर गाडी कशी दिसेल ते अंगणात उभे राहून पाहू लागलो. चुलती दारात आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, डोळ्यांनी जेमतेम दिसते. गाडीच्या मागच्या बाजूला त्यांनी हात फिरवला, कापड लागले, ते बाजूला सारून हात खाली नेला आणि लोखंड सापडल्यावर थांबल्या. "हितंच गार लागायचं हाताला, पहाटंचं," एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या. कॅन अडकवून देण्याचे काम त्यांचे असे, हे त्या दिवसापर्यंत आम्हांला ठाऊक नव्हते. गाडी चुलत्यांची, असेच आम्ही आजवर म्हणत आलो होतो.

चौकट राहिली. तिच्यावरचा गंज घासून तिला काळा रंग दिला. सांगाड्याला लाल रंग दिला, पण टाकीच्या खालच्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या जागी, हाताच्या तळव्याएवढा भाग मुद्दाम न रंगवता सोडला. तेथे लाल, काळा आणि पुन्हा लाल हे तिन्ही थर पाहता येतात. पत्र्याची पट्टी होती तशी परत सारली. पितळी बुश खरोखरच झिजली होती. ती बदलावी लागली, पण जुनी एका डबीत ठेवली आहे. शाळकरी वहीत आम्ही प्रत्येक भागाची नोंद केली: कोणता कारखान्यातला, कोणता नंतरचा, कोणता आमचा, काय काढले आणि का. लोखंडाला तळटीप नसते म्हणून ती वही. तिच्यात मेस्त्रीच्या नावाची जागा कोरी आहे. वडीलधाऱ्यांना विचारून ती भरता आली तर भरू; एरवी ती कोरी राहणे हेही एक प्रकारचे सत्यच.

झाले ते जीर्णोद्धार होते, दुरुस्ती होती की संशोधन, याचा निवाडा आता वाचकांनी करावा. आमच्यापुरते एवढे कळले की, मूळ पाठाची ओढ बाळगावी, पण तो मिळावा म्हणून मधल्या लेखनिकांचे हात तोडू नयेत. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो त्याच हातांतून, अपपाठांसकट. गाडीही तशीच आली. या जावाला किक आणि गिअर यांसाठी एकच दांडा आहे: आत दाबून फिरवला की किक, एरवी गिअर. नवख्याला हे लवकर साधत नाही. सातव्या किकला ती सुरू झाली, दोन्ही सायलेन्सरांतून निळसर धूर आला आणि आतून चुलतींनी विचारले, "दूध घालून आला व्हय?"